ऐकणारा नट

गेल्या दिवाळीत सांगलीला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. भाऊबीज आटोपली होती, फराळाची ताटे अर्धीमुर्धी रिकामी झाली होती, आणि पुतण्याचा मुलगा दूरदर्शन संचासमोर मांडी ठोकून 'द अ‍ॅव्हेंजर्स' हा २०१२ सालचा चित्रपट आठव्यांदा की नवव्यांदा पाहत होता. आकाशातून माणसे पडतात, इमारती ढासळतात, आणि वीरांच्या केसालाही धक्का लागत नाही, असा तो मामला. मी बेसनाचा लाडू खात अर्धवट लक्ष देऊन बसलो होतो. इतक्यात तो हिरवा राक्षस वरून एका ओसाड गुदामात आदळला, त्याचा पुन्हा माणूस झाला, आणि अंगावर चिंधीही नसलेल्या त्या माणसाकडे पाहत उभा असलेला एक म्हातारा पहारेकरी पडद्यावर आला. उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखा चेहरा, खोल गेलेले डोळे. म्हातारा भ्यायला नाही, फारसा चकितही झाला नाही. तू परग्रहावरचा का रे, एवढेच त्याने विचारले. गाडीत शेजारच्याला 'आपण मिरजेचे का?' म्हणून विचारावे तसे. नाही म्हटल्यावर त्याच्याकडे एक विजार टाकली.

मी लाडू खाली ठेवला आणि ओरडलो, "अरे, हा हॅरी डीन स्टॅन्टन!"

"कोण?" सगळ्यांनी एकदम विचारले. वहिनी तेवढ्या चष्मा सावरून म्हणाल्या, "नाव नाही ठाऊक. पण याला कुठं तरी पाहिलंय खरं."

या नटाच्या साठ वर्षांच्या कारकीर्दीची आणि लोकप्रियतेची सगळी कहाणी वहिनींच्या त्या एका वाक्यात आलेली आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही अर्धे आयुष्य त्याच्याविषयी एवढेच म्हटले. नाव नाही ठाऊक, पण याला कुठे तरी पाहिले आहे.

दादांचे मत मात्र निराळे पडले. दादा म्हणजे हौशी रंगभूमीवर चाळीस वर्षे घालवलेला माणूस. राज्य नाट्य स्पर्धेचे किस्से ते अजून तारीखवार सांगतात. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभे केले, त्या गावच्या माणसाला अभिनयाविषयी मत असणारच. "अरे, त्यात त्यानं केलं काय?" ते म्हणाले. "उभा राहिला, दोन वाक्यं बोलला, गेला. एवढं तर आमच्या पडदा ओढणाऱ्यानंही केलं असतं."

त्या रात्री मला नीट उत्तर सुचले नाही. वादात मी नेहमीच दादांपुढे हरतो. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

आधी माणसाची थोडी माहिती. हॅरी डीन स्टॅन्टनचा जन्म १४ जुलै १९२६ चा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्विन या लहानशा गावचा. बाप तंबाखू पिकवी आणि न्हाव्याचा धंदाही करी. दुसऱ्या महायुद्धात पोरगा आरमारात भरती झाला आणि रणगाडे उतरवणाऱ्या एका जहाजावर आचारी म्हणून ओकिनावाच्या लढाईपर्यंत गेला. परतल्यावर केंटकी विद्यापीठात शिकू लागला. तिथे त्याने शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये नायिकेच्या बापाचे काम केले. हे नाटक आपल्याला पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे घरचेच झाले आहे. तेव्हा पोरीच्या मोबदल्यात पैसे मागायला येणारा तो तोंडाळ बाप कसा बोलतो हे सांगायला नको. पुढे ज्याची ख्याती न बोलण्याबद्दल झाली, त्याची सुरुवात अशा बडबड्या भूमिकेने व्हावी, याची मला गंमत वाटते. शिक्षण अर्धवट टाकून तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाऊस या नाट्यशाळेत गेला, आणि १९५० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवरच्या घोडेस्वारांच्या मालिकांत चोर, दरोडेखोर, फरारी अशी कामे करू लागला. बंदूक काढायची, गोळी खायची, धुळीत पडायचे. असे किती वेळा तो मेला याची गणती कुणी ठेवली नसेल.

इथे दादांचा आक्षेप पुन्हा विचारात घेतो. आपल्याकडे नटाची परीक्षा तो बोलताना होते. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, टाळी पडली पाहिजे, स्वगत संपले की क्षणभर सन्नाटा झाला पाहिजे. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. समोरचा बोलत असतो तेव्हा हा दुसरा नट काय करीत असतो? बहुतेक नट आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. चांगले नट वाट पाहत नसल्याचे सोंग आणतात. स्टॅन्टन ऐकत असे. खरोखर ऐकत असे. पडद्यावर दुसऱ्याचे बोलणे ऐकणारा माणूस दिसला की आपण प्रेक्षक नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो, कारण आपणही तेच करीत असतो. तो जणू प्रेक्षकांनी चित्रपटात पाठवलेला प्रतिनिधी होता.

उदाहरण म्हणून १९७९ सालचा 'एलियन' घ्या. अंतराळातल्या मालवाहू यानाची ही भयकथा. त्यातला ब्रेट हा तंत्रज्ञ म्हणजे स्टॅन्टन. जोडीदार पगाराच्या वाट्यावरून कुरकुर करतो आणि ब्रेट प्रत्येक वाक्याला 'बरोबर' म्हणून मान डोलावतो. यान कुठल्याही ग्रहावर जावो, कामगाराचा बोनस बुडतोच, एवढे ज्ञान त्या चेहऱ्यावर आहे. पुढे तो हरवलेली मांजर शोधायला एकटाच एका उंच, अंधाऱ्या दालनात जातो. वरून साखळ्या लोंबत आहेत, पाणी ठिबकते आहे. तो डोक्यावरची टोपी काढतो, तोंड वर करतो, आणि ते पाणी चेहऱ्यावर घेत स्वस्थ उभा राहतो. मागे मृत्यू उलगडतो आहे हे आपल्याला कळते, त्याला नाही. कथेच्या दृष्टीने त्या पाण्याची काही गरज नाही. पण दिवसभर यंत्रांशी झटलेला मजूर पहिल्या सरीखाली जसा उभा राहील तसा तो उभा राहिला, आणि म्हणून पुढच्या क्षणी तो मेल्याचे दुःख होते. एरवी भयपटात पहिल्यांदा मरणाऱ्यांचे दुःख कोण करतो?

किंवा १९९९ मधला 'द ग्रीन माइल'. मृत्युदंडाच्या कोठडीतल्या शिपायांना विजेच्या खुर्चीची रंगीत तालीम करावी लागते. त्या तालमीत कैद्याच्या जागी बसायला एक खुळा म्हातारा कैदी आहे. खुर्चीत बसून तो अचकट विचकट बोलून सगळ्यांना हसवतो. काम चार-पाच मिनिटांचे. पण मरणाची तालीम हसत करणारा माणूस स्टॅन्टनखेरीज दुसरा कुणी असता तर तो प्रसंग किळसवाणा झाला असता.

आता त्याला 'स्वतंत्र चित्रपटांचा नट' का म्हणतात, ते. हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांच्या पेढीबाहेर, थोड्या भांडवलावर, ओळखीपाळखीवर काढलेल्या चित्रपटांची तिकडे एक जुनी परंपरा आहे. १९६५ साली मॉन्टी हेलमन या दिग्दर्शकाने युटाच्या वाळवंटात एक घोडेस्वारांचा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिली होती आणि त्यात प्रमुख कामही केले होते जॅक निकल्सन नावाच्या, तेव्हा कुणाला न विचारल्या जाणाऱ्या तरुणाने. त्यात डोळ्याला पट्टी बांधलेला दरोडेखोर स्टॅन्टन होता. दोघे एकाच घरात राहिलेले मित्र. पुढे निकल्सनने तीन ऑस्कर नेली; स्टॅन्टनचे नाव त्या पारितोषिकासाठी एकदाही सुचवले गेले नाही. हेलमनच्याच १९७१ च्या 'टू-लेन ब्लॅकटॉप'मध्ये तो काही मिनिटे मोटारीत बसून जातो. १९८४ च्या 'रेपो मॅन'मध्ये हप्ते थकलेल्यांच्या मोटारी पळवून आणणारा बड त्याने केला आणि त्या हलक्या धंद्यातही काही धर्म असतो, असे तो एका उडाणटप्पू पोराला इतक्या गंभीरपणे शिकवतो की हसावे की नमस्कार करावा ते कळत नाही.

या चित्रपटांना नायक परवडत नसत, चेहरे परवडत. स्टॅन्टनच्या चेहऱ्याला रंग लागत नसे, कथा लागत नसे. तो चेहरा आपली कथा बरोबर घेऊनच येई. आणि हीच त्याची अडचणही झाली. जो चार मिनिटांत एवढे देतो त्याला दोन तास कोण देणार? पन्नाशी उलटली तरी मुख्य भूमिका नाही. सॅन्टा फे गावातल्या एका मद्यगृहात नाटककार सॅम शेपर्डची गाठ पडली, तेव्हा त्याने मनातले बोलून टाकले: मला आता या कामांचा कंटाळा आला आहे, काही सुंदर, हळवे असे करावेसे वाटते. शेपर्ड तेव्हा विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकासाठी एक पटकथा लिहीत होता. 'पॅरिस, टेक्सस'चा नायक असा ठरला. १९८४ साली कान महोत्सवात त्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या मातीचा हा चेहरा नायक व्हायला पैसा मात्र जर्मनीतून आणि फ्रान्समधून यावा लागला.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. वाळवंटातून एक माणूस चालत येतो. धुळकट सूट, गळ्यात टाय, डोक्यावर लाल टोपी, हातात पाण्याचा डबा. त्यातले शेवटचे पाणी पिऊन तो डबा टाकून देतो. मग तो बोलतच नाही. त्याचा भाऊ येतो, हाका मारतो, रागावतो, समजावतो. हा चालत राहतो. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. माझ्या पुढच्या रांगेतली माणसे उठून चहाला गेली. मीही उठणार होतो. पण त्या गप्प माणसाचे डोळे समोरच्या भावाचे बोलणे असे काही पीत होते की उठणे असभ्यपणाचे वाटले. चार वर्षे नाहीसा झालेला हा ट्रॅव्हिस. त्याची बायको कुठे आहे माहीत नाही, आणि मुलाला भावाने आणि भावजयीने वाढवले आहे.

त्यातला मला सर्वांत प्रिय प्रसंग रडण्याचा नाही. आठ वर्षांचा मुलगा या अनोळखी बापाबरोबर शाळेतून पायी यायला लाजतो. मग ट्रॅव्हिस घरातल्या मोलकरणीला विचारतो की बाप कसा दिसतो. ती विचारते, श्रीमंत बाप की गरीब बाप? ठरते श्रीमंत. ती त्याला कोट-टोपी चढवते, मान ताठ ठेवून चालायला शिकवते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रस्त्याच्या या कडेने मुलगा आणि त्या कडेने बाप चालू लागतात. एक जसा पाय टाकील तसा दुसरा टाकतो. मध्ये सगळा रस्ता. बाप होणे म्हणजे काय याची ही तालीम स्टॅन्टन इतक्या अवघडलेल्या डौलाने करतो की आपण हसत असतो आणि घसा दाटून आलेला असतो. ज्यांनी नोकरीपायी मुलांचे लहानपण गमावले, अशा किती तरी बापांची ही चाल आहे.

मग ह्यूस्टनमधला तो आरशाचा प्रसंग. बायको सापडते ती एका हलक्या ठिकाणी, जिथे गिऱ्हाईक काचेच्या एका बाजूला बसून फोनवरून बोलते आणि पलीकडच्या स्त्रीला त्याच्या जागी फक्त आरसा दिसतो. ट्रॅव्हिस दुसऱ्यांदा येतो तेव्हा खुर्ची फिरवतो, काचेकडे पाठ करतो, आणि कुणा तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी आपल्या दोघांची गोष्ट सांगू लागतो: एक माणूस होता, त्याची एक तरुण बायको होती. त्याचा संशय, त्याचे पिणे, त्याने केलेला छळ. आवाज चढत नाही, हुंदका नाही. दादांच्या हाती हे स्वगत लागले असते तर त्यांनी नाट्यगृह हलवून सोडले असते. पण काचेला पाठ लावून बसलेल्या माणसाने नाट्यगृह हलवायचे नसते. पलीकडे नास्तासिया किन्स्की कोणत्या वाक्याला ही गोष्ट ओळखते ते तिच्या चेहऱ्यावर पाहावे. नंतर ती बोलते आणि हा ऐकतो. तिथे मला त्या पहिल्या वीस मिनिटांच्या मौनाचा अर्थ लागला. बायकोचे बोलणे ज्याने कधी ऐकलेच नाही असा नवरा, ऐकायला शिकून आला होता.

शेवट मात्र मला अजून पटलेला नाही. मायलेकरांची भेट घडवून ट्रॅव्हिस मोटारीत बसून निघून जातो. समीक्षक याला त्याग म्हणतात. माझी पत्नी म्हणाली, "पोराला आईच्या ओटीत टाकून पुन्हा चालता झाला, एवढा त्याग तर पुरुषांना नेहमीच जमतो!" आणि ज्या भावजयीने चार वर्षे त्या पोराला पोटच्यासारखे वाढवले, तिचे काय झाले हे चित्रपट विचारीतही नाही. या दोषाचे खापर नटावर फुटू नये, पण स्टॅन्टनचा चेहरा इतका क्षमा करायला लावणारा आहे की त्यापायी कथेचा अन्याय झाकला जातो, हेही नमूद केले पाहिजे. तो वाईट माणसेही करू शकत होता. २००६ पासून चाललेल्या 'बिग लव्ह' या मालिकेत अनेक बायका करणाऱ्या एका पंथाचा स्वयंघोषित प्रेषित त्याने केला. तोच मऊ आवाज, तेच शांत डोळे, आणि अंगावर काटा येतो. कारण इथे तो ऐकतो ते सावज कुठे दुखते हे जाणण्यासाठी.

'पॅरिस, टेक्सस'नंतर मुख्य भूमिकांची रांग लागली असती तर माझा लेख निराळा झाला असता. तसे काही घडले नाही. पुन्हा बाप, पाद्री, शेजारी, पहारेकरी. पण लोकप्रियता मात्र एका विचित्र वाटेने वाढत गेली. रॉजर ईबर्ट या विख्यात समीक्षकाने एक नियमच सांगितला की ज्या चित्रपटात स्टॅन्टन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो सर्वस्वी वाईट असू शकत नाही. (पुढे त्यालाच एक अपवाद मान्य करावा लागला, नियम करणाऱ्यांचे असेच होते.) २०११ पासून केंटकीतल्या लेक्झिंग्टन शहरात त्याच्या नावाने चित्रपट महोत्सव भरू लागला. नायकाची लोकप्रियता म्हणजे लोकांना त्याच्यासारखे व्हावेसे वाटणे. स्टॅन्टनसारखे व्हावे असे कुणाला वाटले असेल? आपण बहुधा असेच होणार आहोत, असे मात्र पुष्कळांना वाटले, आणि तरी त्यांनी त्याच्यावर प्रेम केले.

नव्वदीत त्याला दुसरी मोठी भूमिका मिळाली. 'लकी' हा २०१७ चा चित्रपट त्याला समोर ठेवूनच लिहिलेला आहे. वाळवंटातल्या गावात एकटा राहणारा, देव न मानणारा म्हातारा. सकाळी उठून योगासने, पेलाभर दूध, सिगारेट, शब्दकोडे, खाणावळ. एक दिवस तो कारण नसता पडतो आणि मरण समोर दिसू लागते. दिग्दर्शक डेव्हिड लिंच त्यात त्याचा मित्र झाला आहे. त्याचे शंभर वर्षांचे 'प्रेसिडेंट रूझवेल्ट' नावाचे कासव पळून गेल्यामुळे तो शोकाकुल आहे. एका दृश्यात 'एलियन'मधला जुना सहकारी टॉम स्केरिट समोर येऊन बसतो आणि युद्धातली एक आठवण सांगतो: मरण समोर दिसत असताना हसलेल्या एका चिमुरडीची. स्टॅन्टन ऐकतो. आरमारात आचारी असलेला पोरगा आणि नव्वदीचा नट, दोघेही ऐकत आहेत असे वाटते. एका मुलाच्या वाढदिवसाला तो अचानक स्पॅनिश गाणे म्हणतो. आवाज चिरका, सूर पक्का. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, ९१ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला.

गेल्या दिवाळीतला तो वाद असाच अर्धवट राहिला होता. निघायच्या आदल्या रात्री मी दादांना 'द स्ट्रेट स्टोरी' दाखवला. लिंचचा १९९९ चा चित्रपट, खऱ्या घटनेवरचा. आयोवातला ७३ वर्षांचा अ‍ॅल्विन स्ट्रेट, दहा वर्षे अबोला धरलेला आपला भाऊ आजारी पडल्याचे कळल्यावर, मोटार चालवण्याचा परवाना नाही म्हणून १९९४ साली गवत कापण्याच्या यंत्रावर बसून दोनशे चाळीस मैल जातो. सगळा चित्रपट रिचर्ड फार्न्सवर्थचा, आणि दादांना तो फार आवडला. भाऊ दिसतो तो अगदी शेवटी, दोन-तीन मिनिटे. खोपटातून चालण्याची चौकट धरून बाहेर येतो, बसतो. मग अंगणातल्या त्या यंत्राकडे पाहतो. एवढ्या लांब त्याच्यावर बसून मला भेटायला आलास का, असे विचारतो. दुसरा हो म्हणतो. मग दोघे बसून राहतात.

दिवा लावला. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हाच का तो तुझा?" त्यांनी विचारले.

"हाच."

"काही केलं नाही त्यानं. ती चौकट हातात दिली, तिनंच अर्धं काम केलं," दादा म्हणाले. मग उठता उठता थांबले. "पण त्या यंत्राकडे पाहिलं ना त्यानं, तेवढं परत लाव बघू."